‘सुटला’ या शब्दाचा फैसला

श्रीधन्वंतरी प्रसन्न. इसवी सन एकोणीसशे सव्वीस, भाद्रपद मासी, मौजे नवेगाव बांध येथील सहा खाटांच्या दवाखान्यावर जो बाका प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहिला असे. पदरचे मीठ घातले असेल तर चिमूटभरच.

दवाखान्याचे कारभारी राजमान्य राजश्री केशोराव कंपाउंडर, आणि त्यांच्या पदरी धुरपताबाई दाई; बाई अक्षरशत्रू, परंतु मुलखातील जन्ममृत्यू तिला मुखोद्गत. तलावापलीकडे दुसरा दवाखाना, तेथे चुन्नीलाल कंपाउंडर. तपासनीस साहेब बहादुरांनी दोहींकडील दफ्तरे तपासली, तो रोगी इकडे साठ आणि तिकडेही साठ. पैकी नवेगावी अकरा ‘मयत’, आणि पलीकडे साठच्या साठ ‘सुटला’. मग फर्मान निघाले की, जेथे माणसे मरतात तो दवाखाना मोडावा आणि खाटा पलीकडे न्याव्या, त्याआधी एकवार समक्ष चौकशी होईल.

केशोरावांच्या पायांखालची वाळू सरकली. खाटा गेल्या तर अलीकडचा रोगी तलावाला वळसा घालतानाच गाडीत दगावणार, हे ते जाणून होते. दऊत समोर होती, ‘मयत’ खोडून ‘सुटला’ लिहिणे घटकेचे काम होते, आणि टाकही उचलला. मग हात पुढे सरेना. त्या अकरांचे डोळे त्यांनी स्वहस्ते मिटले होते. त्यांना फार वाईट वाटले, आणि टाक खाली ठेवला.

चौकशीचे दिवशी साहेब बहादूर खुर्चीवर विराजमान झाले, आणि शिरस्तेदार पलीकडील दफ्तर मोठ्याने वाचू लागले. “मनिराम, सुटला,” असे वाचताच दाराशी उभी असलेली धुरपताबाई अदब विसरून बोलली, “कायले खोटं वाचता जी? त्याच्या तेरवीले मी जेवून आली ना!”

चुन्नीलालांस जाब पुसता त्यांनी अर्ज केला की, लबाडी नाही हुजूर. धड होऊन घरी गेला तोही सुटला, आणि हाल संपून वर गेला तोही सुटला. गेलेल्याला मेला कसे म्हणावे, जीभ रेटत नाही.

मग एकेक नाव धुरपताबाईस पुसून खानेसुमारी झाली, आणि पलीकडे सोळा मयत भरले. साहेब बहादूर तेच फर्मान उलटे फिरवून पलीकडचा दवाखाना मोडू लागले. येथे केशोरावांनी मुजरा करून विनंती केली की, त्या सोळांपैकी दहा पटकीचे, खाटेवर घालून आणलेले. माझ्याकडे बहुतेक चालत आले. रोगी कसा आला ते लिहिल्यावाचून कसा गेला याची तुलना करणे न्यायाचे नव्हे.

चुन्नीलालांच्या डोळ्यांत पाणी आले. साहेब बहादुरांनी मिशीला पीळ भरला आणि हुकूम केला की, दोन्ही दवाखाने कायम; यापुढे दफ्तरात दोन रकाने, कसा आला आणि कसा गेला; ‘सुटला’ शब्द मना.

येणेप्रमाणे नवेगावची फत्ते झाली. नव्या दफ्तरातील पहिली नोंद शामकला हिची, सर्पदंशाची. तीन दिवस केशोराव आणि धुरपताबाई आळीपाळीने तिच्या उशाशी बसली, आणि चौथे दिवशी केशोरावांनी टाक बुडवून लिहिले: आली खाटेवर, गेली चालत.