टोपीवाल्याची उलट बाजू

"येत्या रविवारी माझा टोपीवाला जिंकला नाही ना डॉक्टर, तर माझी गिटार तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर! घ्या लिहून!"

लिफ्टवाले भर बैठकीत असं बोलून गेले, आणि ग्रंथपाल बाईंनी ते खरोखरच लिहून घेतलं. शिवाय खाली सही मागितली. आता माघार घ्यायची तर नाक कापलं जाणार, म्हणून लिफ्टवाल्यांनी छाती पुढे काढून सहीसुद्धा ठोकली!

बास गिटार म्हणजे ती चार जाड तारांची, खर्जातली गिटार. गाणं ऐकताना तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण ती थांबली की चालता चालता पायातली चप्पल निसटल्यासारखं वाटतं. या दुर्लक्षित वाद्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या सात माणसांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. माणसं सात आणि नियम सतरा!

वर्षातून एका रविवारी हे मंडळ दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जमायचं आणि सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ बासवादक निवडायचं. प्रत्येकाने आपल्या लाडक्याची कॅसेट आणायची. कॅसेटच, कारण कॅसेटवर खर्ज दाट लागतो असं मंडळाचं ठाम मत होतं. वादकाच्या नावाचा दबाव पडू नये म्हणून सगळ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची. सगळ्यांनी म्हणजे अगदी सगळ्यांनी, कॅसेट लावणाऱ्यानेसुद्धा! क्रम चिठ्ठ्या टाकून ठरायचा. वादन चालू असताना जो बोलेल त्याची कॅसेट बाद. मत म्हणजे एक बटण. ते चाचपडत आवडत्या क्रमांकाच्या डब्यात टाकायचं, मात्र स्वतःच्या डब्यात नाही. जिंकणाऱ्याला वर्षभराचं अध्यक्षपद मिळायचं, आणि मंडळाचा फ्रीजएवढा स्पीकर त्याच्या घरी मुक्कामाला जायचा.

या पट्ट्यांचा उपयोग मात्र शून्य होता. दरवर्षी तेच सात वादक यायचे आणि पहिल्या दोन सुरांत ओळखू यायचे. डॉक्टरांचा डावखुरा, सलूनवाल्यांचा मिशीवाला, लिफ्टवाल्यांचा टोपीवाला. गेली चार वर्षं डावखुराच जिंकत होता, कारण मंडळातल्या तिघांच्या दाढा डॉक्टरांच्या हातात होत्या.

लिफ्टवाल्यांची गिटार ही वेगळीच गोष्ट. लिफ्टच्या मोटरवर नुसता तळवा टेकवून कुठलं चाक कुरकुरतंय ते सांगणारा हा माणूस, पण लिफ्टच्या दुरुस्तीत नटबोल्टचे पाने फिरवून फिरवून बोटं इतकी जाडजूड झालेली की एक तार दाबायला जावं तर दोन दाबल्या जात! अकरा वर्षांपूर्वी हौसेने आणलेली ती गिटार त्यांनी मग भिंतीवर टांगली. दर रविवारी मऊ फडक्याने पुसायची आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा शिरस्ता पडला.

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, पायाने चालवायच्या शिलाई मशीनसकट. चाळीस वर्षं त्यांनी गावाचे कपडे शिवले होते. कानांनी आता दगा दिला होता. दाराची घंटा, फोन, जावयाचा आवाज, यातलं काहीही त्यांना ऐकू येत नसे. कानाशी येऊन कुणी ओरडलं तरच शब्द कळत, एरवी खर्जातलं तेवढं ऐकू येई. वरून लिफ्ट निघाली की त्या बरोबर सांगत, "निघाली बरं का." आल्या आल्या एकदा त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं होतं, "वाजवून बघू का हो जावईबापू?"

लिफ्टवाले पोट धरून हसले होते. "हात नका लावू आई! ते काही शिलाई मशीन नव्हे!"

सासूबाईंनी मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. अलीकडे गिटारवर धूळ फारशी बसत नाही हे लिफ्टवाल्यांच्या लक्षात आलं होतं. त्याचं श्रेय त्यांनी हवेला दिलं.

पैजेची बातमी ऐकून बायको कडाडली, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? गिटार लावलीत पैजेवर?" आणि तिने आईला खाणाखुणांनी सगळं सांगितलं. सासूबाईंच्या हातातली कात्री थांबली.

"जाणार? आपली गिटार जाणार?"

त्यांचा चेहरा इतका उतरला की लिफ्टवाल्यांना भरूनच आलं. आपल्या छंदाची घरात कुणाला तरी काळजी आहे! त्यांनी सासूबाईंच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "नाही हो आई! टोपीवाला आहे ना! त्याच्यासारखा पृथ्वीवर नाही!"

सासूबाईंनी कोटाच्या काळ्या अस्तराच्या सात पट्ट्या शिवून दिल्या, चांगल्या चारपदरी. "गेल्या वर्षीच्या पट्ट्यांतून दिसायचं म्हणालात ना? यांतून उजेडाचा कणसुद्धा यायचा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून तेवढंच."

रविवारी सकाळी लिफ्टवाल्यांनी कॅसेट फिरवून बरोब्बर मध्यावर आणली, कारण टोपीवाल्याची ती जीवघेणी जागा बाजूच्या मध्यावर होती. मग कॅसेट खिशात, पट्ट्या पिशवीत आणि स्वारी दवाखान्यात!

चिठ्ठीत त्यांचा क्रमांक पाचवा निघाला. पट्ट्या बांधल्या, आणि काय सांगावं, सासूबाईंनी खरंच काळोख शिवला होता! पहिल्या क्रमांकाला मिशीवाला आला, तिसऱ्याला डावखुरा. पाचवी पाळी आली तसे लिफ्टवाले चाचपडत उठले. आधी एका खुर्चीला धडकले, मग दात धुवायच्या भांड्यात हात घातला, आणि शेवटी टेपरेकॉर्डर सापडल्यावर कॅसेट आत बसवून बटण दाबलं.

तिसऱ्या सेकंदाला त्यांनी कान टवकारले. हा टोपीवाला नव्हता!

हा कुणी भलताच होता. ना ढोल, ना गाणं. एकटी बास गिटार, आणि तिच्या मागे कुठेतरी खटक-खटक, खटक-खटक असा लाकडी ताल. नक्की डॉक्टरांनी कॅसेट बदलली! ओरडावं तर नियमाप्रमाणे बाद, आणि गप्प बसावं तर गिटार गेली. लिफ्टवाल्यांना दरदरून घाम फुटला. आधाराला म्हणून त्यांनी स्पीकरवर तळवा टेकवला.

आणि तळवा तिथेच राहिला. काय तो हात! कुठे घाई नाही, कुठे झोल नाही. प्रत्येक सूर असा येऊन थांबत होता, जशी उत्तम लिफ्ट मजल्याच्या फरशीला केसाचाही फरक न ठेवता थांबते. तो लाकडी ताल तर कुठेतरी रोज ऐकलेला वाटत होता, पण कुठे ते काही केल्या आठवेना. लिफ्टवाले पैज विसरले, डॉक्टरांना विसरले, आणि पट्टीच्या आत त्यांचे डोळे चक्क पाझरू लागले.

सूर संपले. त्यांनी यंत्र थांबवून कॅसेट काढली आणि होती तशीच बाजूला ठेवली. मग उरलेले दोघे आले आणि गेले, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. डब्यांत बटणं पडली, पट्ट्या सुटल्या आणि ग्रंथपाल बाईंनी मोजदाद केली. पाचव्या डब्यात सहा बटणं! सहाच्या सहा! म्हणजे डॉक्टरांचंसुद्धा! अर्धवट भरलेल्या दाढेचे मालकसुद्धा डॉक्टरांची पर्वा न करता पाचव्या डब्याकडे वळले होते.

"पाचवा कुणाचा?"

"माझा," लिफ्टवाले चोरासारखे म्हणाले.

"पण हा टोपीवाला नव्हे! कोण आहे हा?"

आता आली का पंचाईत! माहीत नाही म्हणावं तर अब्रू जाणार. लिफ्टवाल्यांनी घसा खाकरला. "हा... हा फार एकांतात राहायचा. त्याला प्रसिद्धीची चीड. डोंगरात कुठेतरी... लाकडाच्या घरात."

"म्हणूनच तो लाकडी ताल!" ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"अहो, मी ऐकलंय यांच्याबद्दल!" सलूनवाले म्हणाले.

डॉक्टर कसले मागे राहतायत! "ऐकलंय काय? माझ्याकडे पहिली रेकॉर्ड आहे त्यांची. दुर्मीळ आहे, मी कुणाला दाखवत नाही."

लिफ्टवाले डॉक्टरांकडे आ वासून बघतच राहिले.

"राहायचा म्हणालात," ग्रंथपाल बाईंनी आवाज खाली आणला. "म्हणजे आता...?"

लिफ्टवाल्यांना सुटकेचा दरवाजा दिसला. मेलेल्या माणसाचा पत्ता कोण विचारतो? त्यांनी मान खाली घातली. "गेला बिचारा."

खलास! दवाखान्यावर शोककळा पसरली. सलूनवाल्यांनी डोळे पुसले. थोर कलावंताला दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची, तीही त्याच्याच वादनाने, असं ठरलं. लिफ्टवाले "नको, नको" म्हणेपर्यंत ग्रंथपाल बाईंनी ती कॅसेट होती तशीच परत बसवून बटण दाबलं होतं. सात माणसं हात जोडून, मान खाली घालून उभी राहिली.

चार सूर वाजले, मग खटक-खटक थांबलं, आणि फ्रीजएवढ्या स्पीकरमधून एक बाई गरजली, "आई! साडेपाच झाले! ते यायची वेळ झाली, टांग ती गिटार भिंतीवर!"

"हो गं, एवढी ओळ पुरी करते."

"आणि सरळ टांग! गेल्या वेळी उलटी टांगली होतीस!"

"त्यांना कुठे कळलं? अकरा वर्षं नुसती पुसतायत ती!"

दोन मिनिटांची शांतता आता खऱ्या अर्थाने सुरू झाली. लिफ्टवाल्यांनी कॅसेट काढून बघितली. 'टोपीवाला, हात लावू नये' ही चिठ्ठी खालच्या अंगाला होती. चारपदरी काळोखात कॅसेट उलटी बसली होती!

"या... कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई. सहा महिन्यांपूर्वी राहायला आल्या."

"पण त्या तर गेल्या ना?"

"सकाळी निघालो तेव्हा काज करत होत्या."

डॉक्टर एकदम उसळले. "बाद! साफ बाद! आपण सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ निवडतो. या बाई सहा महिन्यांच्या!"

ग्रंथपाल बाईंनी नियमांची वही उघडली, चष्मा लावला आणि सतराच्या सतरा नियम वाचले. "सर्वकाळात गेले सहा महिने येतात," त्यांनी निकाल दिला.

"आणि डॉक्टर," सलूनवाले म्हणाले, "यांची ती पहिली रेकॉर्ड तेवढी आणा ना. सही घेऊ तिच्यावर."

डॉक्टर स्वतःच्याच दवाखान्यातल्या पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

मग निघाली मिरवणूक! हातगाडीवर स्पीकर आणि मागे मंडळ. लिफ्टवाल्यांच्या इमारतीत लिफ्ट तीन दिवसांपासून बंद होती. दिव्याखाली अंधार! धापा टाकत, लिफ्टवाल्यांना शिव्या घालत सगळ्यांनी तो स्पीकर चार मजले वर चढवला. बायकोने दार उघडलं आणि ही वरात बघून तोंडावर हात ठेवला.

आतल्या खोलीत सासूबाई मशीनवर बसल्या होत्या. मशीनचा पट्टा काढून ठेवलेला, पाय पायट्यावर, गिटार मांडीवर. खटक-खटक, खटक-खटक. आल्याची चाहूल त्यांना लागलीच नाही. मग जावयाची सावली पडली तशा त्या दचकल्या आणि गिटार घाईघाईने पदराखाली लपवायला लागल्या. चार फूट लांबीची गिटार!

"रागावू नका हो जावईबापू," त्या म्हणाल्या. "आज जाणार ना ती, म्हणून शेवटचं एकदा. आणि तुमच्या कॅसेटची पुढची बाजू मी नाही हो खराब केली. मागची कोरी होती. कापडाची उलट बाजू तरी वाया का घालवायची, म्हटलं. इथे आल्यापासून कानांवर नुसता शुकशुकाट होता. हिचा आवाज तेवढा पोचतो मला."

सहा महिने या बाई आपल्याच घरात चोरून जगल्या, आणि आपण फडकं घेऊन धूळ शोधत होतो! लिफ्टवाल्यांना स्वतःचीच लाज वाटली. कानाशी ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्यांनी खिशातली काळी पट्टी काढून मशीनवर पसरली, कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि लिहिलं, 'तुम्ही जिंकलात.'

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं. "मी? आणि टोपीवाला?"

"टोपीवाला उलट्या बाजूला राहिला, आई!"

हे त्यांना ऐकू गेलं नाही, पण दारात उभ्या असलेल्या मंडळींनी पाय आपटायला सुरुवात केली, ते मात्र जमिनीतून थेट पोचलं! शेवटी डॉक्टरांनीही ग्रंथपाल बाईंकडून पैजेचा कागद घेऊन फाडला आणि पाय आपटले, आणि सगळ्यांपेक्षा जोरात. सासूबाई हसल्या, डोळे पुसले आणि पुन्हा पायट्यावर पाय ठेवला. त्या दुपारी खालच्या तीन मजल्यांवरची भांडी मांडणीत नाचत होती, आणि तक्रार करायला वर आलेली माणसं तिथेच मांडी घालून बसली.

आता मंडळाच्या अध्यक्षा सासूबाई आहेत. स्पीकर त्यांच्या खोलीत असतो आणि गिटारही तिथेच. भिंतीवर नुसता खिळा आहे. लिफ्टवाल्यांनी एकदा सवयीने फडकं घेऊन हात पुढे केला, तर सासूबाईंनी बोटावर कात्रीची मूठ हाणली. "हात नका लावू जावईबापू. ते काही लिफ्ट नव्हे."

तेव्हा लिफ्टवाल्यांनी गयावया केली, "मग शिकवा तरी!" सासूबाईंनी त्यांना मशीनवर बसवलं. आधी पाय, मग हात. पाय सम चालला की टाका सम पडतो, आणि टाका सम पडला की गिटार मिळेल.

याला चार महिने झाले. लिफ्टवाल्यांच्या हातून आजवर अकरा उशांचे अभ्रे झाले, अकराच्या अकरा वाकडे. डॉक्टरही दर रविवारी शिकायला येतात, आणि सांगायला लाज वाटते, त्यांची शिवण सरळ येते.