वैजूचा पहिला नंबर आला

त्या दिवशी ऊन नुसतं रणरणत होतं, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि भर दुपारी वैजूचा पहिला नंबर आला. त्यानं पायपुसण्यावर पाय पुसले, वळकटी कोपऱ्यात ठेवली आणि आबांकडं पाणी मागितलं.

आबा म्हणजे वैजूचे आजोबा. शाळेची पायरी ते कधी चढले नव्हते, पण दारी आलेल्याला ‘का आलास’ असं विचारू नये, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी तांब्या पुढं केला. पाणी पिऊन नंबर खाटेवर वैजूला चिकटून बसला, तो बसलाच. खाट दोघांपुरतीच. शेजारच्या ताराबाईंची झेलम रोज तिथं बसून वैजूबरोबर चिंचा खायची. ती दोन दिवस उंबऱ्यात उभी राहिली, मग यायचीच थांबली.

नंबर स्वभावानं वाईट नव्हता. फक्त त्याला टिकवावं लागे. वैजू मोठ्यानं हसली की त्याला चक्कर यायची, लंगडी खेळली की अंगात कणकण भरायची. येणारेजाणारे विचारत, नंबर बरा आहे ना? वैजूचं कुणी विचारत नसे. दिवाळी जवळ आली तेव्हा तिनं आबांना हळूच विचारलं,

"आबा, हा गेला तर मला घरातलीच म्हणाल ना?"

 दुसऱ्या दिवशी आबा शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसत सांगितलं, की नंबर परत पाठवायची सोय आहे, अर्जाची गरज नाही. सहामाही परीक्षेत मुलीनं स्वतःच्या अक्षरात एक चूक सादर करावी. पण या मुलांकडं चूकच नसते, तिथं सगळं अडतं.

"चुकीचं सोडा," आबा म्हणाले. "घरात पडून आहेत."

घरी येऊन त्यांनी त्यातली एक वैजूला दिली. सात आठे चोपन्न. साठ वर्षं वापरली होती, पण कुठं झिजली नव्हती. वैजूच्या जिभेवर ती बसेना.

"रेटून म्हण," आबा म्हणाले. "मी तसंच म्हणतो."

तिसऱ्यांदा म्हणताना तिला हसू फुटलं, आणि खाटेवर नंबराला चक्कर आली.

सहामाहीत तिनं ती चूक ठळक अक्षरात लिहिली. निकालाच्या सकाळी नंबरानं वळकटी बांधली, आबांच्या पाया पडला आणि गेला. वैजूचा दुसरा आला. दुसरा राहायला येत नाही, रस्त्यावरूनच हाक मारून पुढं जातो. वैजू खाटेवर पाय पसरून बसली. आबांनी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, भूक लागलीय.

संध्याकाळी कुंपणापाशी ताराबाई आल्या. हातात रिकामी वाटी होती.

"आबा, तो आमच्या झेलमकडं आलाय. तुमच्याकडची ती चूक थोडी द्या. विरजणापुरती दिली तरी चालेल, पुढं आम्ही घरी लावू."