राहीबाईला रंगाचे तीन हात

“दर्या सगळ्यांना खातो, माझ्या रंगाला नाय खात.”

हे गोटीरामचं वाक्य. तीस वर्षं तो उरणच्या बंदरावर हेच ऐकवत आला, आणि वैताग याचा, की ते खरं होतं. नारळी पुनवेआधी बोटी काठावर ओढल्या की लोक आधी भटजीकडे जायचे नाहीत, गोटीरामकडे जायचे. त्याचे नियम ठरलेले. रंगाचे हात तीन, एक कमी नाही. फट एकही नाही. फळीत नखाएवढी भेग दिसली तरी ती बुजवल्याशिवाय हा गडी ब्रश उचलत नसे. भेग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे बोट गेली, बोट गेली म्हणजे माणसं गेली. यावर कोण वाद घालणार?

आणि सगळ्यात शेवटी नाव. कच्च्या लाकडावर नाव लिहायचं नाही, ही तर बापजाद्यांची रीत. अंगावर पुरता रंग चढला, सुकला, की मग नाव. अर्धवट बोटीला नाव दिलं तर ती अर्ध्या वाटेतून परत येते, असं त्याची आई राहीबाई सांगायची.

पुढे गुडघे गेले, बोट विकली, आणि मुलगी मनस्वी इंजिनीअरिंगला लागली तसं बिऱ्हाड कामोठ्याला आलं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, समोर दुसऱ्याचा फ्लॅट. रंगवायचं काय? गोटीरामनं आधी स्टूल रंगवलं. मग गॅसच्या टाकीची गाडी. मग बायकोचं, काशीचं, पोळपाट रंगवलं, तेव्हापासून पोळी लाटायला घेतली की घसरून ओट्याखाली जायची. मग सोसायटीच्या पत्रपेट्या त्यानं न विचारता रंगवल्या, किल्लीच्या भोकांसकट. महिनाभर कोणाला एक पत्र काढता आलं नाही. सेक्रेटरीनं हात जोडून सांगितलं, “काका, आता आराम करा.”

आराम म्हणजे काय ते गोटीरामला कोणी शिकवलंच नव्हतं.

मनस्वी शेवटच्या वर्षाला होती. सहा महिने ती बाल्कनीत बसून एक विमान बनवत होती. खेळण्यातलं नव्हे. दीड हात लांबीचे दोन पंख, पुढे पंखा, पोटात बॅटरी आणि हातातल्या रिमोटवर उडणारं. कॉलेजातून एकच टीम दिल्लीच्या स्पर्धेला जाणार होती. रविवारी सकाळी चाचणी. ज्याचं विमान मैदानावर तीन फेऱ्या मारून उतरेल, तो दिल्लीला. मनस्वी टीमची कॅप्टन होती, आणि पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार होती. म्हणजे काय ते यंदाच.

गोटीराम रोज लांबून बघायचा. पोरीच्या पुस्तकातलं त्याला सातवीनंतर काही कळलं नव्हतं आणि तिनंही मग विचारायचं सोडून दिलं होतं. बाप-लेकीत बोलणं म्हणजे “जेवलीस?” आणि “हो.” ही गोष्ट त्याला किती लागायची ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, काशीलासुद्धा.

तर शुक्रवारी सकाळी कॉलेजला निघताना मनस्वी दारात थांबली. “बाबा, एक काम कराल?”

गोटीरामनं हातातला चहा खाली ठेवला.

“विमानावर नाव लिहायचंय. तुम्ही बोटीवर लिहायचात ना, तसल्या अक्षरात. ‘राहीबाई’ लिहा.”

“आयेचं नाव? इमानाला?”

“हो. पण फक्त नाव हं, बाबा. बाकी सगळं सेट केलंय. मला आज-उद्या दोन्ही दिवस वर्कशॉपला उशीर होईल.”

ती गेली. गोटीराम बाल्कनीत गेला. डोळे पुसले आणि विमान उचललं.

उचललं तर हाताला काही लागेचना. पोह्याच्या पापडाला याहून जास्त वजन असतं. लाकूड असलं मऊ, की नख लावलं तर खळगा पडेल. वर कागदासारखं काहीतरी ताणून बसवलेलं. आणि फटी! पंखाच्या मागच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत फट. शेपटीला उभी फट, आडवी फट. आरपार उजेड दिसत होता. आपली पोर हे घेऊन चार माणसांत जाणार, आणि वर आजीचं नाव?

“काशे, हे कच्चं हाय.”

“ती बोलली ना, नुसतं नाव लिवा.”

“कच्च्या लाकडावर नाव? आयेचं?”

काशी पाठ फिरवून भांडी घासायला लागली. सासूचं नाव निघालं की ती पंचवीस वर्षं असंच करत आली होती.

गोटीराम तडक पावणे गावच्या एमआयडीसीत गेला. तिथल्या एका वर्कशॉपात त्याचा पुतण्या धनेश कामाला होता. कारखान्यांच्या फरशीवर इपॉक्सीचा रंग मारायचं त्यांचं काम. हा रंग दोन डब्यांत येतो, एकात रंग आणि दुसऱ्यात तो कडक करणारं औषध. दोन्ही कालवले की अर्ध्या तासात वापरून संपवायचं, नाहीतर डब्यातच दगड. एकदा वाळला की त्यावरून माल भरलेली फोर्कलिफ्ट फिरवा, ओरखडा येत नाही.

“काका, कशाला पायजे?”

“मनस्वीच्या इमानाला.”

धनेश हसला. मग काका हसत नाहीत असं बघून थांबला. “काका, त्याला स्प्रेचा एक पातळ हात पुरे होतो. हा फरशीचा आहे. आणि आधी मनस्वीला फोन करा ना.”

“तू मना रंग शिकवतंस? तुझ्या बापाची बोट कोनी रंगवली?”

धनेशनं डबे दिले. देताना पुन्हा म्हणाला, “फोन करा, काका.” गोटीरामनं फोन केला नाही. पोरीला एकदम दाखवू, खूश होईल, असं त्याच्या मनात होतं. पुढे त्याला किती वेळा वाटलं, की रिक्षात बसल्या बसल्या एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं!

पहिला हात त्या लाकडानं असा प्यायला, जसा उन्हातून आलेला माणूस ताक पितो. मग फटी. इपॉक्सीचीच पुट्टी बोटानं दाबून, एक एक फट त्यानं अशी बुजवली की कुठे होती ते सांगता येऊ नये. मग दुसरा हात. रात्री मनस्वी उशिरा आली ती बाल्कनीकडे न बघताच झोपली आणि पहाटे गेली. शनिवारी सकाळी तिसरा. रंग जरा जास्त कालवला गेला होता, आणि दगड होऊन वाया जाऊ द्यायचा म्हणजे पाप, म्हणून पोटाला चौथाही बसला. खाली निळा, वर पांढरा, मधून लाल पट्टा. बंदरावरच्या बोटीचा असतो तसाच.

काशीनं विमान उचलून बघितलं. “आवो, जड झालंय.”

“मजबूत झालंय.”

दुपारी त्यानं नाव लिहिलं. आणि नाव खरंच असं उतरलं, की बघत राहावं. ‘रा’चा काना ताठ, ‘ही’ची वेलांटी डोलकाठीसारखी भरदार. गुडघ्यांचं दुखणं त्या तासाभरात त्याला जाणवलंही नाही.

संध्याकाळी मनस्वी आली ती दमून. विमान जुन्या चादरीखाली झाकलेलं.

“आता बघायचं नाय,” गोटीराम म्हणाला. “नाव ओलं हाय. नवी बोट पान्यात उतरवतानाच उघडतात. उद्या मैदानावर.”

“बाबा, नक्की फक्त नावच ना?”

“नाव लय भारी आलंय,” तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. पण विचारलं होतं त्याचं उत्तरही नव्हतं.

मनस्वी हसली आणि झोपायला गेली. बापावर तिचा विश्वास होता, हेच तर वाईट झालं.

रविवारी सकाळी रिक्षात विमान गोटीरामनं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मनस्वी “माझ्याकडे द्या” म्हणाली तरी दिलं नाही. मैदान उरणच्या वाटेवर, खाजणाच्या कडेला. एका बाजूला भरतीचं पाणी साठून तळं झालेलं. दुसऱ्या टीमचा कॅप्टन शिवतेज आपलं साधं पांढरं विमान एका हातात वहीसारखं धरून फिरत होता. ते बघून गोटीरामला त्या पोराची दया आली.

मग त्यानं चादर काढली.

उन्हात राहीबाई अशी चमकली, की पोरं मोबाईल काढून धावली. परीक्षक राजलक्ष्मी मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, “काय सुंदर फिनिश आहे. कोणी केलं?” गोटीरामनं मान खाली घातली, पण फार खाली नाही.

मनस्वी मात्र गर्दीतून पुढे झाली. तिनं विमान उचललं, आणि तिचा हात वजनानं खाली गेला. तिनं रिमोटची कांडी हलवली. आत बारकी मोटर घरघरली, बाहेर काही हललं नाही. पुन्हा हलवली. पुन्हा नुसती घरघर.

“बाबा, इथे फट होती.”

“व्हती ना. बुजवली.”

“ती फट नव्हती, बाबा. तिथून पंखाचा मागचा भाग वर-खाली होतो. त्यानंच विमान वर जातं. त्यानंच वळतं.”

गोटीरामला पहिल्यांदा पत्रपेट्यांची भोकं आठवली.

वजनकाट्यावर ठेवलं. अकराशे ग्रॅमचं विमान अडीच किलोचं झालं होतं. पोरं कटर घेऊन बसली. एक पातं मोडलं, दुसरं मोडलं, तिसरं कोणी दिलं नाही. इपॉक्सीला ओरखडा आला नाही. गोटीराम शेजारी उकिडवा बसून आपल्याच कामाला मनातल्या मनात शिव्या देत होता. कधी नव्हे ते त्याला वाटलं, आपण जरा वाईट कारागीर असतो तर बरं झालं असतं.

“मनस्वी, तुझा नंबर,” मॅडम म्हणाल्या. “नाव मागे घ्यायचंय का?”

तिनं बापाकडे बघितलं नाही. “नाही, मॅडम. चालवते.”

पंखा सुरू झाला. राहीबाई निघाली. धावली, आणखी धावली. नुसतीच धावत राहिली, वाशीच्या मार्केटातून कांदा भरून निघालेल्या टेम्पोसारखी. मैदान संपत आलं तरी चाकं जमीन सोडेनात. मनस्वी कांडी ओढत होती, वळवत होती, पण वळणार काय? कड आली आणि राहीबाई सरळ तळ्यात गेली.

सगळे धावले. आणि काठावर जाऊन थबकले.

राहीबाई बुडाली नव्हती. पाण्यावर अशी समतोल बसली होती, की एक पंख जास्त वर नाही, एक खाली नाही. पंखा फिरतच होता. नाव लिहिलेली बाजू किनाऱ्याकडे करून ती थाटात तळ्याच्या पलीकडे निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टी मारली. गोटीरामच्या आयुष्यात त्याची एकही बोट इतकी सरळ चालली नव्हती. एक क्षणभर, एकच क्षण, त्याची छाती भरून आली. मग त्यानं मनस्वीचं तोंड बघितलं, आणि त्या क्षणाची त्याला आजवर लाज वाटते.

गुडघ्यांची पर्वा न करता तो पाण्यात उतरला आणि विमान घेऊन आला. तोवर शिवतेजचं पांढरं विमान तीन फेऱ्या मारून उतरलं होतं.

सगळे घरी आले. मनस्वीनं पेपर पसरून विमानाच्या पोटाचं झाकण तासभर खटपट करून उघडलं. बॅटरी, वायरी, सगळं बाहेर काढलं. आत बोट फिरवलं.

“कोरडं आहे,” ती म्हणाली. “थेंबभरही पाणी आत गेलेलं नाही.”

तीस वर्षं या वाक्यावर गोटीराम “मग? रंग कोनाचा?” असं म्हणत आला होता. आज ते शब्द ओठांपर्यंत आले, आणि त्यानं ते गिळले.

“माझं चुकलं गो, पोरी,” तो म्हणाला. “तू एकच काम सांगितलंस.”

ती रडली तेव्हा कुठे. “मला तुमचं काहीतरी त्याच्यावर हवं होतं, बाबा. म्हणून सांगितलं होतं.” आणि आत निघून गेली. गोटीरामला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं.

दोन महिने ती राहीबाई कपाटावर पडून होती. धूळसुद्धा तिच्यावर टिकायची नाही.

मग एका रविवारी मनस्वीनं बाल्कनीत पुन्हा ते मऊ लाकूड मांडलं. स्पर्धा वगैरे काही नव्हती, अशीच. संध्याकाळी ती बापासमोर येऊन बसली, सिगरेटच्या कागदाइतका पातळ कागद टेबलावर ठेवला, आणि हातात पेन्सिल दिली.

“यावर लिहा. राहीबाई. मी चिकटवेन.”

“पेन्सिलीनं?”

“पेन्सिलीनं.”

गोटीरामनं श्वास रोखून लिहिलं. अक्षर चांगलं आलं, पण फिकट दिसत होतं. एकदा वरून गिरवलं असतं तर उठून दिसलं असतं. फार नाही, एकदाच. त्याचं बोट वळवळलं. त्यानं मान वर केली तर मनस्वी बघत होती.

“झालं,” तो म्हणाला.

ती कागद घेऊन गेली. गोटीराम पेन्सिल हातात धरून बसून राहिला. स्वयंपाकघरातून काशी आली, तिनं ती पेन्सिल काढून घेतली, लवंगांच्या डब्यात टाकली आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.