ठकुबाईंचा एकतिसावा

"आत्या, बाकीचे तीस कुठं गेले? आणि ह्याच्यावरचा आकडा?" कापसात उरलेला एकुलता एक पिवळाधमक दगड उचलून सावळारामने विचारलं.

"धुतला की," रतनबाई म्हणाल्या. "देवाच्या अंगावर शाई ठेवत्यात व्हय?"

सावळाराम पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवी. स्पितीच्या डोंगरातले, तीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनिफेरस काळातले एकतीस दगडी शिंपले घेऊन तो सुट्टीत आत्याकडे उत्रोलीला आला होता. कुठला शिंपला कुठल्या जातीचा, कुठल्या थरातला, ही यादी कलकत्त्याच्या भूगर्भखात्यातल्या साहेबाला वेळेत पोचून त्याची शिफारस मिळाली, तरच नोकरी कायम होणार होती. आणि थर कळायचा तो आकड्यावरून.

पण आत्यांचं तरी काय चुकलं? हिमालयातून आलेला, अंगभर रेघांची नक्षी ल्यालेला दगड कोण भाविक पारोसा ठेवील? त्यांनी सगळ्यांना दूधपाण्याने न्हाऊ घातलं, हळद वाहिली आणि दर्शनाला आलेल्या शेजारणींना घरटी एक वाटूनही टाकला.

सावळाराम दारोदार फिरला. घरी चालत आलेला देव कोणी देईना. शेवटी त्याने गावच्या कीर्तनकार चिमाजीबुवांचे पाय धरले. संध्याकाळच्या कीर्तनात बुवांनी ठरलेलं आख्यान बाजूला ठेवलं आणि झांजेच्या ठेक्यावर सांगितलं, की देव पाहुणा आला तर पोटभर जेवू घालावं, पण त्याच्या गावची वाट अडवू नये. ऐकताना देऊळभर पदर डोळ्यांना लागले.

सकाळी तीसही देव गुलालात न्हाऊन, दहीभाताच्या शिदोरीसकट परतले. चंदन लावताना बायकांनी रेघ न् रेघ मोजलेली. "ह्याला बावीस घड्या, मधी पन्हळ," असं एकीने म्हणावं आणि सावळारामने वहीतलं चित्र, चित्राखालचा आकडा शोधावा. दुपारपर्यंत सगळे जुळले.

फक्त शेजारच्या ठकुबाईंचा जुळेना. कुठल्याच जातीत बसेना म्हणून त्याचं चित्र काढायचंच राहिलं होतं. त्यात तो घरी आला त्याच दिवशी ठकुबाईंची म्हैस व्यालेली. दाखवायला आणला, तरी त्या हातातून कशा सोडतील?

"ने बाबा," अखेर त्या म्हणाल्या, "पर वर माझं नाव घाल. वाट चुकला तर कुनाकडं यायचं, त्याला कळाय नगं?"

सावळारामने उरलेला आकडा आणि त्यांचं नाव लिहून चिठ्ठी डकवली, यादीतही तसंच लिहिलं.

महिन्याने उत्तर आलं. नोकरी कायम झाली होती. सोबत एक पेटी होती. साहेबाने लिहिलं होतं, "एकतिसाव्या शिंपल्याची जात नवी आहे. तिला विदुषी ठकुबाईंचं नाव शोभतं. या बारा नमुन्यांवर त्यांचं मत कळवावं."

सावळारामने पेटी उत्रोलीला आणून ठकुबाईंपुढे उघडली. त्यांनी एक दगड उन्हात धरला, उलटसुलट केला, रेघांवरून बोट फिरवलं. सावळाराम पेन्सिल सरसावून बसला.

"आदी तांब्या आन," ठकुबाई म्हणाल्या. "समदे पारोसे हायत."