गुरुवारचा वणवा

वैशाखातल्या पहिल्या सोमवारी कातळेवाडीच्या ग्रामसभेने वणव्याला वार लावून दिले. पूर्वी परगावी शिकायला गेलेला विद्यार्थी जसा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचा, तसंच आता वणव्याने जेवायचं ठरलं. मी या गावचा ग्रामसेवक. वाडीत मला भाऊसाहेब म्हणतात. ठराव माझ्याच अक्षरात आहे आणि तो एकमताने मंजूर झाला.

दुसरा इलाजही नव्हता. तीन दिवसांत वणव्याने सगळा सडा, म्हणजे वरचं गवताळ पठार, खाल्ला होता आणि चौथ्या दिवशी तो वाडीच्या शिवेवर येऊन थांबला होता. विहिरीत घोट्याएवढं पाणी, टँकर एक दिवसाआड. माणसांनी ओल्या फांद्यांनी झोडपून पाहिलं, त्यात दोघांचे हात भाजले. तेव्हा सरपंच धोंडिबा कोकरे म्हणाले, "त्यो काय आपला वैरी न्हाय. भुकेला हाय. भुकेल्याला झोडून काय हुनार? जेवायला घालू."

सरपंच स्वतः शिवेवर गेले आणि त्यांनी वणव्याला वाराची रीत समजावून सांगितली. वणवा बोलत नाही, पण ऐकतो. जेवायला दुपारी यायचं आणि दिवेलागणीआधी उठायचं. वाढलेलं खायचं, मागायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. मुक्काम वाडीबाहेरच्या कातळावर. या बदल्यात वाडीने त्याला एकही दिवस उपाशी परत पाठवायचं नाही, ज्याचा वार त्याने आपल्याच घरचं वाढायचं आणि लागलेला वार बदलायचा नाही. ज्या दिवशी एखाद्या घरातून तो उपाशी उठेल, त्या दिवशी वार मोडला, आणि मग त्याने कुठेही जेवावं. हे ऐकून वणवा गुडघ्याएवढा झाला आणि कातळावर जाऊन बसला.

घरं निवडणं सोपं होतं. भाताच्या पेरणीआधी आमच्याकडे शेताच्या एका तुकड्यावर पाला, गवत, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. ज्यांच्याकडे राब होता अशी सहा घरं निघाली. राब नाहीतरी जाळायचाच होता, तो वणव्याने खाल्ला तर कोणाचं काही जात नव्हतं. सातवा वार तेवढा उरला, गुरुवार. तो सरपंच स्वतःकडेच घेणार होते, तेवढ्यात मागून तानूबाई मरगळे उठल्या.

तानूबाई म्हणजे वाडीच्या टोकाला एका खोलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई. घराला गवताचं छप्पर, शेताचा तुकडा नाही, मागेपुढे कोणी नाही.

"माझं घर वाडीत हाय का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय की, आत्या. पर तुझ्याकडं राब कुठाय?"

"राब नसला म्हून दारात आलेल्याला जेवाय घालता येत न्हाय, आसं कुठं लिवलंय? भाऊसायेब, गुरवार माझ्या नावावर घाला."

मी घातला. अशा वेळी नाही म्हणायची हिंमत कोणात नसते, माझ्यात तर नव्हतीच.

सुरुवातीचे दिवस मी फार उत्सुकतेने पाहिले, हे कबूल करतो. असा पाहुणा जेवतो कसा, हे पाहायला मिळणं दुर्मीळच. दुपारी बाराच्या सुमारास वणवा कातळावरून उठे आणि करवंदीच्या जाळ्यांमधल्या पायवाटेने अंग चोरून, एका वितीच्या रुंदीचा होऊन येई. जाळ्यांचं एक पान करपलं नाही. ऐनाचा पाला त्याला विशेष आवडे. शेण सावकाश खाई. सरपंचांकडे पाल्यात आंब्याची चार ओली पानं गेली होती, ती त्याने पोरं कढीपत्ता काढतात तशी बाजूला काढून ठेवली. वाराने जेवणारा घरातली चार कामं करतो, तसं तोही करी. त्याने भाजलेला राब इतका एकसारखा असे की भागूजी ढेबे, ज्यांच्याकडे शुक्रवार होता, म्हणाले, "आमच्या बापाला बी आसा जमला न्हाय."

वनरक्षक शिरसाट रजिस्टर घेऊन आले तेव्हा त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. किती क्षेत्र बाधित, या रकान्यात काय लिहायचं?

"सात घरं," मी सांगितलं.

"जळालेली?"

"जेवायला घालणारी."

शिरसाट समजूतदार माणूस. त्यांनी पेन्सिलीने लिहिलं.

पहिल्या गुरुवारी तानूबाईंनी छपराचं जुनं गवत काढून वाढलं. पावसाआधी ते काढायचंच होतं, त्यामुळे आम्हाला वावगं वाटलं नाही. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी पावसाळ्यासाठी साठवलेलं सगळं सरपण दिलं. तिसऱ्या गुरुवारी छप्पर शाकारायला ठेवलेले नव्या गवताचे भारे दिले. सड्यावरचं गवत तर वणव्याने येतानाच खाल्लेलं, म्हणजे यंदा दुसरं मिळायचं नव्हतं. चार भिंती आणि वर आभाळ, अशा घरात तानूबाई राहू लागल्या. आम्ही सगळे हे पाहत होतो. मी तर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये दर गुरुवारपुढे 'जेवण झाले' अशी नोंद करत होतो. आज त्या नोंदी वाचताना लाज वाटते.

चौथ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी सरपंच आणि मी तानूबाईंकडे गेलो. उद्या वाढायला त्यांच्याकडे एक दरवाजा आणि एक आढं एवढंच लाकूड उरलं होतं. ते गेलं असतं तर भिंती पावसात बसल्या असत्या. नाही वाढलं तर वार मोडला असता, आणि वाडीतल्या एकतीस घरांना वणवा मोकळा झाला असता.

"आत्या, आमच्या खळ्यातनं चार भारे आनून टाकतो," सरपंच म्हणाले.

"वाराला दुसऱ्याच्या घरचं वाढत न्हाईत, धोंडिबा. त्ये तुझ्या घरचं जेवान झालं, माझ्या न्हाय."

"मग गुरवार माझ्याकडं घेतो."

"घातलेला वार काढला म्हंजे मोडलाच की. त्येला कळतंय सारं."

मी ठराव पुन्हा वाचून पाहिला. बाईंचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. असे ठराव आपण लिहितो कशाला, असं मला त्या दिवशी वाटलं.

गुरुवारी बाराला अख्खी वाडी लांब उभी राहिली. शिरसाटांनी दोन पाण्याचे पंप मागवले होते, ते अजून घाटातच होते. वणवा नेहमीप्रमाणे आला आणि तानूबाईंच्या अंगणात बसला. तानूबाई दारात होत्या. त्यांच्या घरातून ना धूर येत होता, ना भांड्याचा आवाज.

"बाबा," त्या वणव्याला म्हणाल्या, "आज गुरवार, दत्ताचा वार. माझा उपास हाय. घरात उपास आसला की वाराचं मानूस बी उपासालाच आस्तंय. तुला उपाशी लावत न्हाय म्या. फराळ वाढते."

मग त्यांनी सुपातून मूठभर शेंगांची टरफलं आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. स्वतः त्यातले दाणे घेऊन समोर बसल्या.

वणवा काही वेळ नुसता हलत राहिला. मग त्याने एक टरफल घेतलं. ते संपल्यावर दुसरं. संध्याकाळपर्यंत तो तेवढ्या मुठीवर बसून होता आणि टरफलागणिक लहान होत होता. दिवेलागणीला त्याने उठायचा प्रयत्न केला, पण कातळापर्यंत जायची ताकद त्याच्यात राहिली नव्हती. तानूबाईंनी वाऱ्याच्या बाजूने घोंगडी धरली आणि तशाच तिथे बसून राहिल्या.

शुक्रवारी सकाळी अंगणात वातीएवढा वणवा उरला होता. शिरसाट म्हणाले, "एका तांब्यात काम होईल." सरपंचांनी पाण्याचा तांब्या आणला. त्यांचंही चुकत नव्हतं. एकतीस घरांची जबाबदारी त्यांच्यावर होती.

तानूबाई घोंगडी तशीच धरून उभ्या राहिल्या. "उपास सोडल्याबिगर कुनाला उठवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्यो एक दिस माझ्यासाठी उपाशी ऱ्हायला. तीन गुरवार माझं घर उतरत हुतं, तवा तुमच्यातलं कोन ऱ्हायलं उपाशी?"

सरपंचांनी तांब्या खाली ठेवला.

"मग सोड बाई उपास," ते हळू म्हणाले. "पर त्येला वाढनार काय?"

"आधी वाढनारीनं सोडायचा आस्तो का पाव्हन्यानं, त्ये बगू," म्हणत तानूबाई आत गेल्या. मडक्यात मूठभर नाचणीचं पीठ होतं. ते त्यांनी मळलं, अंगणात तीन धोंडे मांडले, वर तवा ठेवला आणि भाकरी थापून टाकली. सरपण नव्हतंच. त्या वणव्याकडे पाहत बसल्या. त्याला सांगावं लागलं नाही. तो सरकत सरकत आला आणि तव्याखाली जाऊन बसला.

काडी नाही, पाला नाही, नुसता तो. भाकरी एका बाजूने भाजली. तानूबाईंनी पाण्याचा हात फिरवून ती उलटली. दुसऱ्या बाजूने ती टम्म फुगली, आणि तव्याखाली काही राहिलं नाही.

तानूबाईंनी धोंड्यांमध्ये हात घालून पाहिला. धोंडे गरम होते. मग त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले, एक धोंड्यांपाशी ठेवला, दुसरा हातात घेतला आणि रडायला लागल्या.

"चार गुरवार माझ्या दारात जेवला," त्या म्हणाल्या, "आन् जाताना मलाच वाढून गेला."

शिरसाटांनी बराच वेळ रजिस्टर उघडलं नाही. शेवटी नाइलाजाने त्यांनी मला विचारलं, "आग कशाने आटोक्यात आली, असा रकाना आहे."

"भाकरीने लिहा," मी म्हणालो. त्यांनी ते शाईने लिहिलं. पंप दुपारी घाटातूनच परत गेले.

आता वाराला कोणी येणार नसल्यामुळे दुसऱ्याच्या घरचं गवत घ्यायला तानूबाईंची हरकत राहिली नाही. सहा घरांनी ते द्यायचं आणि शनिवारपासून शाकारणीला लागायचं, असं तिथेच ठरलं. भागूजी ढेब्यांनी शुक्रवारसाठी रचलेला राब तसाच राहिला. तो पेटवायला कोणाचा हात धजला नाही.

त्या दिवशी कातळेवाडीत एकाही घरात चूल पेटली नाही. याचा ठराव झालेला नाही, कोणी कोणाला सांगितलंही नव्हतं. संध्याकाळी पलीकडच्या घोळवाडीच्या बायका रीतीप्रमाणे पिठलं-भाकरीच्या टोपल्या घेऊन आल्या. कोण गेलं, हे त्यांना ठाऊक होतं. तानूबाईंचं घर कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं.