फोटो खुद्द येऊन न्यावा

भूमच्या करीमचाचांकडून पुस्तक न्यायचं तर आधी फोटो काढून घ्यावा लागे. पुस्तक छातीशी, नाव समोर, मान ताठ. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालून चाचा म्हणत, "हलू नका. हलत्या मानसाचा भरवसा न्हाय."

तो फोटो त्यांच्या फोटोच्या दुकानात भिंतीवर लागे. पुस्तक परत दिलं की फोटो आपल्याला मिळे. तोही खुद्द येऊन न्यायचा, असा नियम. तहसिलीतल्या आमच्या साहेबांचा फोटो वर्षभर भिंतीवर होता आणि साहेब ती गल्लीच टाळत.

उर्दू-मराठी जुन्या दास्तानी आणि काव्यं यांची दोन कपाटं, आणि त्यांच्यापायी या माणसाच्या जिवाला सदा घोर. वाळवी, कसर, चहाची बशी, पानं दुमडणारी माणसं. पुस्तक नेलं की तिसऱ्या दिवशी कचेरीच्या खिडकीत त्यांची टोपी दिसे. "कितीक पानं झाली, कारकूनसाब? घर गळत न्हाय ना?" मी तापानं फणफणलो तेव्हा भेटायला आले आणि आधी उशाखाली हात घातला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण मी घाईनं उरकलेलं पान ते उभ्याउभ्या म्हणून दाखवत, आणि आपण काय सोडलं ते मला तेव्हा कळे. वाचायची गोडी लागली ती तशीच.

भिंतीवर सगळ्यात वर हिरेमठ मास्तरांचा फोटो होता. चाचांचे जिवलग दोस्त; रोज संध्याकाळी दोघं मिळून वाचत. भाषेवरून प्रांत फुटले, मास्तर कानडी मुलखात गेले, पुस्तकही त्यांच्याबरोबर गेलं. त्या एका पुस्तकाबद्दल मात्र चाचा कधी कुरकुरत नसत.

एकदा मी पुस्तक परत द्यायला गेलो तर चाचा कपाट झाडत होते. मागच्या बाजूला, पोस्टाच्या कागदात अर्धवट गुंडाळलेलं, मास्तरांच्या फोटोतलंच पुस्तक.

"चाचा, हे तर परत आलंय."

ते खाली बसले. "दोन सालं झाली. चिठ्ठी हाय, फोटू पोष्टानं धाडा म्हणून. धाडला की त्यांचं इथलं काम सरलं. मंग कशाला येत्यात ते?"

हातातलं पुस्तक मी पुन्हा पिशवीत टाकलं.

"माझीही थोडी पानं राहिलीत," म्हणालो.

चाचांनी भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे पाहिलं.

"सावकाश वाचा," ते म्हणाले.