तळघरातलं क्रियापद

आमच्या वरच्या मजल्यावरचे आपटेकाका भेटले, की नमस्काराऐवजी एका क्रियापदाचं गोत्र सांगायचे. क्रियापद आयरिश: 'लेइ', म्हणजे वाचणं. "गोत्र लॅटिन बरं का. मूळ लेगेरे. आधी नुसतं वेचणं, मग अक्षरं वेचणं, म्हणजे वाचणं. पोथ्यांबरोबर आयर्लंडात गेलं, तिथे 'ग' झिजला. गेनाऊ, बरोबर ना?"

काका जन्मभर स्टुटगार्टला गाड्यांचे ब्रेक तपासणारे इंजिनियर. आयरिश भाषेचा अभ्यास काकूंचा. त्या इथे कार्ल्सरूहेत जुन्या हस्तलिखितांवर काम करायच्या. तीन वर्षांपूर्वी गेल्या.

रोज दुपारी एकला काका घडीची खुर्ची घेऊन तळघरात जात. सायकली आणि हिवाळी टायरांमध्ये बसून 'लेइ'ची वंशावळ मोठ्याने म्हणत, थांबत, "हं, मग?" विचारत. एकदा माझी मुलगी मशीनमधले कपडे आणायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, त्यांना कुणीतरी उत्तर देतंय."

मी गेलो. दाराआडून बाईचा आवाज आला. मराठी, शांत, जरा कंटाळलेला. दार ढकललं, तर काका एकटे.

आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते सांगतो. मी घाबरलो, आणि हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाला, निनावी पत्र लिहिलं. दुपारी शांतता पाळायच्या वेळेत तळघरात बाईचा आवाज, वगैरे. आठवड्यात सूचना लागली: तळघरात बसायला मनाई. काका बोलेनासे झाले. शर्ट सैल पडायला लागले.

महिन्याने जिन्यात मी विचारलं, "काका, घरातच का नाही बसत?"

"आजारपणात हिने मला शिकवायला टेप भरली, ती खाली तळघरात. वर ट्रामचा आवाज ना. वर लावली की नुसती टेप वाटायची. खाली भिंती तशाच घुमतात. समोर बसलीये वाटतं."

मला राहवेना. "पत्र मी लिहिलं, काका."

"ठाऊक आहे. मला प्रत आली. तक्रारीत दोनदा 'कृपया' आपलाच माणूस लिहितो." त्यांनी ती खिशातून काढली. कडा मऊ पडल्या होत्या. "इथे 'बाईचा आवाज' म्हटलंय. खरंच ऐकलात?"

"हो."

"टेप दिवाळीतच तुटली हो. हे तुम्ही मार्चमध्ये लिहिलंय. मला वाटायचं, मला एकट्यालाच ऐकू येतं."

मी माफी मागत राहिलो. काका जुन्याच घड्यांवर पत्र मिटत होते.

"हे माझ्याकडेच राहू द्या," म्हणाले.